‘फॉरेस्ट’ म्हणजे झाडी नव्हे

१/
इंग्लंडच्या नैऋत्येस डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचे उंच पठार आहे. ग्रॅनाइटचे सुळके, दलदल, खुरटे गवत आणि त्यावर चरणारी तट्टे. दूरवर नजर फिरवली तरी झाड दिसणे कठीण. नकाशावर मात्र या पठाराच्या मध्यभागाचे नाव ‘डार्टमूर फॉरेस्ट’ असे छापलेले असते. त्याच फॉरेस्टच्या पोटात, धोंड्यांच्या आडोशाने वाढलेल्या खुज्या ओक वृक्षांचा एक लहानसा पट्टा आहे. त्याचे नाव ‘विस्टमन्स वुड’. म्हणजे झाडे नाहीत ते फॉरेस्ट आणि झाडे आहेत ते वुड.

२/
शाळकरी शब्दकोश याच्या नेमके उलट सांगतो. फॉरेस्ट म्हणजे मोठे अरण्य, वुड म्हणजे त्याहून लहान, ग्रोव्ह आणखी लहान, जंगल म्हणजे उष्ण प्रदेशातले दाट रान. झाडांची संख्या आणि दाटी ही एकच पट्टी सर्व शब्दांना लावली जाते. आजच्या बोलण्यापुरती ती पट्टी चालते. इतिहासाला लावली की मोडते. झाडे किती, हा या शब्दांचा मूळ प्रश्न नव्हता. त्या जमिनीवर हक्क कोणाचा, हा होता. हा भेद विसरल्याची किंमत इंग्रजांहून अधिक भारतातल्या खेड्यांनी मोजली आहे.

३/
आधी साधा शब्द: वुड. जुन्या इंग्रजीत ‘वुडु’. याचा अर्थ झाडी असाही आणि लाकूड असाही. इंग्रजीत आजही दोहोंना एकच शब्द आहे. यातच त्या जागेचे स्वरूप कळते. वुड ही गावाच्या रोजच्या वापरातली जागा होती. तिला नाव असे, मालक असे, बांध आणि चर खोदून आखलेली हद्द असे. जळण, कुंपणाच्या काठ्या, घराचे वासे, नांगराचे लाकूड हे सारे तिथून येई. वुड म्हणजे मनुष्यस्पर्श न झालेली भूमी, ही कल्पना मध्ययुगीन इंग्रज शेतकऱ्याला हास्यास्पद वाटली असती.

४/
‘कॉपिस’ आणि त्याचेच आखूड रूप ‘कॉप्स’ हे शब्द तर सरळ तोडणीवरूनच आले आहेत. मूळ जुन्या फ्रेंचमधील ‘कापणे’ या अर्थाच्या क्रियापदात. हेझल, ॲश अशी झाडे बुंध्यापाशी छाटायची, खोडापासून नवे धुमारे फुटू द्यायचे आणि काही वर्षांनी पुन्हा छाटायचे. झाड मरत नाही. उलट दीर्घायुषी होते. सफक परगण्यातील ब्रॅडफील्ड वुड्समध्ये ही छाटणी १२५२ सालापासून चालत आल्याच्या नोंदी आहेत. तोडल्यामुळे झाडी नष्ट होते, हे विधान सरसकट खरे नाही, याचा हा जिवंत पुरावा. वुड नष्ट होते ते तोडणीने नव्हे. मुळे उपटून तिथे नांगर फिरवल्याने.

५/
बाकीच्या शब्दांची ओळख थोडक्यात. ‘स्पिनी’ हा लॅटिनमधील काट्याच्या शब्दावरून आला. मुळात काटेरी झुडपांची जागा. ‘ग्रोव्ह’ म्हणजे लहान, बहुधा खाली झुडूप नसलेली झाडी. जुन्या इंग्रजी बायबलमध्ये परधर्मीयांच्या पूजास्थानासाठी हा शब्द वापरला गेल्याने त्याला देवस्थानाची छटा चिकटली. ‘वील्ड’ आणि ‘वोल्ड’ हे जर्मन ‘वाल्ड’चे, म्हणजे अरण्याचे, सख्खे भाऊबंद, पण आज कॉट्सवोल्ड्स किंवा यॉर्कशर वोल्ड्स म्हटले की उघड्या टेकड्या आणि मेंढ्या डोळ्यांपुढे येतात. झाडे गेली, शब्द जागच्या जागी राहिला.

६/
आता फॉरेस्ट. हा शब्द इंग्रजांचा नव्हे. नॉर्मन विजेत्यांबरोबर १०६६ नंतर तो इंग्लंडात आला. त्याचे मूळ उत्तरकालीन लॅटिनमधील ‘फोरेस्टिस’ या शब्दात आहे आणि तो बहुतेक अभ्यासक ‘फोरिस’, म्हणजे ‘बाहेर’, या शब्दाशी जोडतात. ‘फॉरेन’ हा शब्दही त्याच ‘बाहेर’मधून निघाला. बाहेर म्हणजे कशाच्या बाहेर? गावाच्या वहिवाटीच्या, सर्वांच्या सामायिक वापराच्या बाहेर. फ्रँक राजांनी स्वतःच्या शिकारीसाठी राखून ठेवलेली जमीन, ती फोरेस्टिस. शब्दाच्या जन्मातच राखीवपणा आहे, झाड नाही.

७/
विल्यम राजाने १०७९ च्या सुमारास दक्षिण इंग्लंडात ‘न्यू फॉरेस्ट’ निर्माण केले. निर्माण केले म्हणजे झाडे लावली नाहीत. तिथल्या गावांसकट, शेतांसकट आणि माळांसकट एका विस्तीर्ण प्रदेशावर शिकारीचा कायदा लादला. त्याच्या मृत्यूनंतर समकालीन बखरकाराने तक्रार नोंदवली आहे की हरिण मारणाऱ्याचे डोळे काढावेत असा नियम या राजाने केला आणि हरणांवर त्याची माया बापासारखी होती. प्रजेविषयी असे म्हणण्याची सोय त्या बखरकाराला बहुधा नव्हती.

८/
या कायद्याचे संरक्षण दोन गोष्टींना होते. एक ‘व्हेनिसन’, म्हणजे शिकारीचे प्राणी. दुसरी ‘व्हर्ट’, म्हणजे त्या प्राण्यांना चारा व आडोसा देणारी हिरवळ. झाडाचे मोल झाड म्हणून नव्हते, हरणाचा आसरा म्हणून होते. यासाठी स्वतंत्र अधिकारी होते, स्वतंत्र न्यायालये होती. बाराव्या शतकात राजाच्या खजिन्याचा कारभार वर्णन करणाऱ्या रिचर्ड फिट्झनील या अधिकाऱ्याने स्पष्टच लिहिले आहे की फॉरेस्टचा कायदा देशाच्या सामान्य कायद्यापासून वेगळा असून तो राजाच्या मर्जीवर उभा आहे. राज्यातच दुसरे राज्य, असे त्याचे रूप होते.

९/
येथे एक क्रियापद लक्षात घेण्याजोगे आहे: ‘अफॉरेस्ट’. मध्ययुगीन कागदपत्रांत त्याचा अर्थ एखादी जमीन फॉरेस्टच्या कायद्याखाली आणणे असा होतो. याच्या उलट ‘डिसअफॉरेस्ट’. त्याचा अर्थ झाडे तोडणे असा नसून जमीन त्या कायद्यातून मोकळी करणे असा होता. दुसऱ्या हेन्रीच्या काळापर्यंत एसेक्सचा जवळजवळ संपूर्ण परगणा फॉरेस्ट झाला होता. नांगरलेली शेते, बाजारपेठा, चर्च सगळ्यांसकट. तेथील शेतकरी सकाळी आपल्याच घरात, आपल्याच शेताशेजारी फॉरेस्टमध्ये जागा होत असे.

१०/
या अन्यायावरचा उतारा म्हणजे ६ नोव्हेंबर १२१७ ची ‘फॉरेस्टची सनद’. मॅग्ना कार्टा सर्वांना ठाऊक असते. पण ती ‘मॅग्ना’, म्हणजे थोरली, कशाच्या तुलनेत? याच धाकट्या सनदेच्या तुलनेत. थोरलीत बहुतांशी सरदारांचे हक्क होते, धाकटीत जळण, चारा आणि डुकरांच्या चराईचे. हरणासाठी कोणाचा जीव वा अवयव जाणार नाही; राजाने अन्यायाने ओढून घेतलेल्या जमिनी मोकळ्या होतील; स्वतंत्र मनुष्य फॉरेस्टमधल्या स्वतःच्या वुडमध्ये डुकरे चारू शकेल. शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे: फॉरेस्ट राजाचे, त्याच्या आतले वुड प्रजेचे. दोन शब्द, दोन हक्क, एकच जमीन.

११/
सनदेचे गोडवे गाताना तिच्या मर्यादा झाकू नयेत. ‘स्वतंत्र मनुष्य’ या शब्दांतून जमीनदाराला बांधलेली कुळे वगळली जात होती आणि राजांनी ती वारंवार धाब्यावरही बसवली. तरीही ती १९७१ पर्यंत कायद्याच्या पुस्तकात होती. तिने एक तत्त्व रुजवले की राखीव जमिनीवरही गावाचे हक्क असतात, ते मेहेरबानी नसतात. न्यू फॉरेस्टमध्ये व्हर्डरर नावाचे मध्ययुगीन पद आजही आहे, त्यांचे न्यायालय भरते आणि शरद ऋतूत हक्कदारांची डुकरे पडलेली ओकची फळे खायला अजूनही सोडली जातात.

१२/
फॉरेस्टच्या जवळचे आणखी तीन शब्दही हक्काचेच आहेत. राजाऐवजी एखाद्या सरदाराकडे शिकारीची राखीव जमीन असेल तर ती ‘चेस’. कुंपण घालून हरणे आत कोंडली तर तो ‘पार्क’. ससे, तितर अशा लहान शिकारीचा परवाना म्हणजे ‘वॉरन’. इंग्लंडच्या झाडीचा इतिहास लिहिणारे ऑलिव्हर रॅकम यांनी आपल्या ग्रंथांतून आयुष्यभर हेच बजावले की फॉरेस्ट ही हरणांची जागा होती, झाडांची असेलच असे नाही. रॉबिन हूडच्या शेरवुड फॉरेस्टच्या नावात तर दोन्ही थर दिसतात: आधी ‘शायरचे वुड’, म्हणजे परगण्याची झाडी, मग तिच्यावर बसलेले राजाचे फॉरेस्ट.

१३/
आता भारतातून इंग्रजीत गेलेला शब्द: जंगल. संस्कृत ‘जाङ्गल’ हे याचे मूळ आणि त्याचा अर्थ वाचून आजचा वाचक चकित होईल. आयुर्वेदाच्या ग्रंथांत भूमीचे तीन प्रकार सांगितले आहेत: जाङ्गल, आनूप आणि साधारण. यांतील आनूप म्हणजे पाणथळ, दाट झाडीचा, रोगट प्रदेश. जाङ्गल म्हणजे कोरडा, मोकळ्या वाऱ्याचा, विरळ काटेरी झाडांचा, काळवीट हिंडणारा निरोगी प्रदेश. म्हणजे ज्या दाट, दमट रानाला आज इंग्रजी जगत ‘जंगल’ म्हणते, त्याला चरक-सुश्रुतांनी जाङ्गलाच्या नेमक्या विरुद्ध टोकाला ठेवले असते. फ्रान्सिस झिमरमन या फ्रेंच अभ्यासकाने या एका शब्दाच्या अर्थावर संपूर्ण ग्रंथ लिहिला आहे.

१४/
हा शब्द इंग्रजीत शिरला तो कथा-कादंबऱ्यांतून नव्हे, महसुलाच्या व्यवहारातून. १७७६ मध्ये हॅल्हेडने प्रसिद्ध केलेल्या हिंदू कायद्याच्या इंग्रजी संग्रहात जंगलाची व्याख्या पाच वर्षे पडीक राहिलेली जमीन अशी आहे. झाडांचा उल्लेखही नाही. १८८६ चा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोशही मान्य करतो की देशी लोकांच्या मते याचा नेमका अर्थ ‘लागवड नसलेली जमीन’ असून दाट अरण्याचा अर्थ अँग्लो-इंडियन वापराने आणला. पुढे १८९४ मध्ये किपलिंगचे ‘जंगल बुक’ आले आणि पडीक जमिनीचा हा शब्द श्वापदांच्या राज्याचे नाव झाला.

१५/
हे दोन्ही शब्द एकत्र आले ते ब्रिटिश भारताच्या वनकायद्यात. १८६४ मध्ये वनखाते स्थापन झाले. १८६५ च्या कायद्याने झाडे, झुडपे किंवा ‘जंगल’ असलेली जमीन सरकारी फॉरेस्ट म्हणून घोषित करण्याची मुभा दिली. १८७८ च्या कायद्यापूर्वी मोठा वाद झाला. बेडन-पॉवेल यांच्या मते गावकऱ्यांचा वापर ही केवळ सवलत होती, हक्क नव्हे. खात्याचे प्रमुख डिट्रिख ब्रँडिस यांना गावांच्या स्वतःच्या वनांना जागा हवी होती. ‘ग्रामवन’ हा शब्द कायद्यात आला, प्रत्यक्षात क्वचितच उतरला. सरशी राखीव वनाची झाली. इंग्लंडात १२१७ मध्ये प्रजेने जे सोडवून घेतले होते, ते भारतात साडेसहाशे वर्षांनी नव्याने बांधले गेले.

१६/
आजही लागू असलेला १९२७ चा भारतीय वन अधिनियम उघडून पाहावा. त्यात गुरे म्हणजे काय याची व्याख्या आहे, झाड म्हणजे काय याची आहे, वनोपजाची तर लांबलचक यादी आहे. ‘फॉरेस्ट’ची व्याख्या मात्र नाही. राखीव वन कशाचे करता येईल? सरकारी मालकीच्या वनजमिनीचे ‘किंवा पडीक जमिनीचे’. म्हणजे एकही झाड नसलेला माळ अधिसूचनेच्या एका कागदाने फॉरेस्ट होऊ शकतो. हाच मध्ययुगीन ‘अफॉरेस्ट’. त्या क्रियापदाचा नॉर्मन अर्थ इंग्लंडात मावळला, भारताच्या कायद्यात तो जिवंत राहिला.

१७/
महाराष्ट्राने हे लवकर ओळखले. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये डोंगर, दऱ्या आणि गायराने गिळणाऱ्या वनखात्यावर कोरडे ओढले आहेत, शेळ्यामेंढ्या चारून जगणाऱ्यांचे काय झाले, हा त्यांचा प्रश्न होता. १९३० च्या सत्याग्रहात बापूजी अणे यांनी पुसद येथे राखीव वनात कायदा मोडला, तो झाड तोडून नव्हे, गवत कापून. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला उरणजवळ चिरनेरला गोळीबारात सत्याग्रही मृत्युमुखी पडले. लोकांनी या लढ्याला नाव दिले ‘जंगल सत्याग्रह’. सरकारचे ते फॉरेस्ट, लोकांचे ते जंगल; भांडण झाडांविषयी नव्हतेच.

१८/
मराठीपाशी स्वतःचे शब्द कमी नाहीत. अरण्य म्हणजे वस्तीपासून दूरचे, परके. ‘फोरिस’शी या अर्थाचे साम्य विलक्षण आहे. त्याच अरण्यापासून ‘रान’ झाले, पण अर्थ पार बदलला: खेड्यात ‘रानात गेलाय’ म्हणजे शेतावर गेलाय. परके होते ते मराठी शेतकऱ्याने आपले करून टाकले. राई आणि आमराई, झाडी आणि झुडपी, गुरांसाठी राखलेले कुरण आणि गायरान, गवताचा माळ, आणि देवाच्या नावाने राखलेली देवराई, जिला इंग्रजीत ‘सेक्रेड ग्रोव्ह’ म्हणतात. देवराईतले झुडूप ग्रोव्हपेक्षा दाट असते. पण खरा फरक हा की तिथे काय तोडावे, काय तोडू नये, हा नियम गावाचा असतो.

१९/
आणि ‘फॉरेस्ट’? खेड्यातल्या मराठीत हा शब्द सर्रास चालतो, पण झाडीसाठी कोणी वापरत नाही. ‘ती जमीन फॉरेस्टची आहे’, ‘फॉरेस्टवाले आले होते’, ‘पलीकडे फॉरेस्टची हद्द लागते’. फॉरेस्ट म्हणजे खाते, हद्द आणि मनाई. सुशिक्षितांना हा अडाणी वापर वाटतो. वास्तविक ऑक्सफर्डच्या पदवीधराहून हा वापर अधिक शास्त्रशुद्ध आहे. फॉरेस्टचा नऊशे वर्षांपूर्वीचा अर्थ ज्याच्या अंगावर तो कायदा पडला त्याने अचूक पकडला. चूक झाली ती कचेरीतल्या भाषांतरात. ‘फॉरेस्ट’ला ‘वन’ म्हटल्याबरोबर राखीव जमिनीचा कायदेशीर शब्द निसर्गाचा शब्द होऊन बसला आणि त्या जमिनीविषयी प्रश्न विचारणारा माणूस झाडांचा शत्रू ठरू लागला.

२०/
दुसरी बाजूही खरी आहे. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ‘फॉरेस्ट’ हा शब्द शब्दकोशातल्या अर्थाने घ्यावा. शिवाय सरकारी दप्तरात ज्याची वन म्हणून नोंद आहे तेही वनच, मालकी कोणाचीही असो. या एका आदेशाने कागदावर नसलेली कितीतरी झाडी कुऱ्हाडीपासून वाचली. अधिसूचना नाही म्हणून अरण्य नाही, असा अर्थ लावण्यास अनेकजण टपलेले असतात. त्यांना रोखणे आवश्यकच होते. पण या आदेशाने दोन पट्ट्या एकत्र बांधल्या: झाडांची आणि दप्तराची. विदर्भातील ‘झुडपी जंगल’ हा त्याचा कठीण नमुना. महसुली दप्तरातला हा शब्द नेमका जुन्या ‘जाङ्गला’चा, विरळ झुडपांच्या जमिनीचा. त्यावर गावे, शाळा, शेते उभी राहिली. आणि २०२५ च्या मे महिन्यात न्यायालयाने ती जमीन वनजमीन ठरवली.

२१/
तिसरी पट्टी उपग्रहाची. देशाच्या वनस्थितीचा अहवाल एक हेक्टरहून मोठ्या आणि किमान दहा टक्के छत्र असलेल्या कोणत्याही तुकड्याला ‘वनाच्छादन’ म्हणतो. त्यात फळबागाही येतात. या पट्टीने सुपारीची बाग वन ठरते आणि माळढोकाचा सोलापुरी माळ काहीच ठरत नाही. मग त्या ‘रिकाम्या’ माळावर वनीकरण म्हणून रोपे लावली जातात. उघड्या गवतात अंडी घालणाऱ्या पक्ष्याला त्या रोपांचा अर्थ घर गेले एवढाच. ‘अफॉरेस्ट’चा अर्थ राजाच्या कायद्यापासून रोपांच्या खड्ड्यापर्यंत बदलला, माळावरच्या मूळ रहिवाशाची गच्छंती मात्र दोन्ही अर्थांत सारखीच.

२२/
म्हणून शब्द वेगळे ठेवणे ही व्याकरणाची हौस नाही. जिथे कायदा अभिप्रेत आहे तिथे ‘राखीव जमीन’ किंवा ‘वनखात्याची जमीन’ म्हणावे. जिथे झाडे अभिप्रेत आहेत तिथे झाडी, राई, अरण्य म्हणावे. माळाला माळ आणि कुरणाला कुरण म्हणावे; ती अपुरी अरण्ये नव्हेत. प्रत्येक बातमीत, प्रत्येक सुनावणीत तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत: तिथे काय उगवते, तिथे कोण जगते, आणि तिथे हक्क कोणाचा? एका शब्दात तिन्हींचे उत्तर कोंबले की जो शब्द ठरवतो तोच जिंकतो.

२३/
२००६ च्या वनहक्क कायद्याने प्रस्तावनेतच ऐतिहासिक अन्यायाची कबुली दिली आणि सामूहिक वनहक्क मान्य केला. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने तो हक्क मिळवला आणि आपल्या बांबूचा कारभार स्वतः हाती घेतला. जळण-बांबूच्या त्या जुन्या हक्काला विदर्भात ‘निस्तार’ म्हणतात; इंग्लंडच्या हक्कदारांच्या जळणाच्या हक्काला ‘एस्टोव्हर्स’ म्हणतात. दोन भाषा, दोन खंड, मागणी तीच. १२१७ च्या सनदेने सांगितले होते की राजाच्या फॉरेस्टमध्येही गावाचे वुड असू शकते. मराठीत ते सांगायला परकीय शब्दाची गरज नाही: फॉरेस्टच्या हद्दीतही गावाचे रान असते.